चाळणीघरातली पावडर

धारहून पीथमपूरला मी चौदा वर्षं जात होते. सकाळी सहाला गल्लीच्या तोंडाशी कंपनीची बस यायची आणि दुपारी चारनंतर तीच परत आणून सोडायची. माहेर देवासचं, सासर धारचं. नवरा शाळेत गणित शिकवायचा. एम.एस्सी. झालेल्या बाईला धारमध्ये शिकवण्यावाचून दुसरं काही मिळत नाही असं सगळे म्हणायचे, आणि मला प्रयोगशाळेत काम मिळालं होतं. त्याचा मला गर्व होता. हे सांगणं भाग आहे, कारण पुढे जे झालं त्यात त्या गर्वाचाही वाटा आहे.

कंपनी लहान होती. मोठमोठ्या मोटारींच्या आणि औषधांच्या कारखान्यांच्या मागे एका बोळात आमचं पत्र्याचं शेड. आम्ही एन्झाइम बनवायचो. टाक्यांत जिवाणू वाढवायचे, त्यांनी पाण्यात सोडलेलं एन्झाइम गाळून घट्ट करायचं आणि निळ्या ड्रममध्ये भरून पाठवायचं. हे एन्झाइम प्रोटीन तोडतं. कपड्यावरचा रक्ताचा, दुधाचा, वरणाचा डाग ते पचवून टाकतं, म्हणून धुण्याच्या पावडरी करणारे ते घेत. चामड्याचे कारखानेही घेत.

अडचण उन्हाळ्याची होती. एन्झाइम हीसुद्धा प्रोटीनचीच एक घडी. उष्णतेनं ती घडी विस्कटली की काम संपलं. मे महिन्यात ड्रम ट्रकमध्ये चार दिवस तापले की गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत आत नुसतं वास मारणारं पाणी उरायचं. ड्रम परत यायचे, चिठ्ठ्या यायच्या. एके वर्षी साहेबांनी मला बोलावलं. साहेब म्हणजे आमच्या प्लांटचे मुख्य, इंदूरचे, मनानं वाईट नव्हते. ते म्हणाले, मॅडम, याचं काहीतरी करा, उन्हात टिकेल असं काहीतरी.

मी वाचायला लागले. एन्झाइमला साखरेच्या लांब साखळ्या जोडल्या तर ते टिकतं, हे जुनंच ज्ञान होतं. त्यासाठी डेक्स्ट्रान नावाचा पदार्थ वापरतात. साखरेचे शेकडो कण एकमेकांना धरून उभे असतात तशी ती साखळी. पाण्यात विरघळते, आणि शिरेतून देण्याच्या बाटल्यांतसुद्धा वापरलेली आहे. आधी एका रसायनानं साखळीतल्या काही कड्या उघडायच्या, म्हणजे तिला प्रोटीन धरून ठेवणारी टोकं फुटतात. मग थंडाव्यात एन्झाइमबरोबर ती हळूहळू ढवळत ठेवायची आणि शेवटी दुसऱ्या रसायनानं तो जोड कायमचा करायचा. साखळ्यांनी चहूबाजूंनी धरलेली घडी मग सहजासहजी विस्कटत नाही.

लिहायला सोपं आहे. पहिले सहा महिने मी एन्झाइम मारतच होते. साखळ्या जास्त झाल्या की त्याचं तोंड बंद व्हायचं. टिकायचं, पण काम काही करायचं नाही. कमी झाल्या की पूर्वीसारखंच उन्हात मरायचं. किती जोडायच्या, केवढ्या लांबीच्या, किती वेळ, हे एकेक करत शोधावं लागलं. घरी स्वयंपाक करतानाही डोक्यात तेच. नवरा म्हणायचा, तुझ्या त्या साखळ्या एक दिवस भाजीत पडतील.

आणि मग एका सकाळी जमलं. साठ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलेली नळी मी बाहेर काढली, तपासली, आणि ते चालत होतं. साधं एन्झाइम शेजारच्या नळीत मेलेलं होतं. माझ्या एन्झाइमची ताकद मुळात थोडी कमी झाली होती, पण होती तेवढी जागच्या जागी होती. मी दोनदा पुन्हा करून पाहिलं. साहेबांनी त्या दिवशी सगळ्या लॅबसाठी कचोऱ्या मागवल्या.

पुढची कल्पना साहेबांची. हे एवढं टिकतं तर ड्रम हवेत कशाला? वाळवून पावडर करू, पोत्यांत भरू. पातळ एन्झाइम गरम हवेत फवारून वाळवण्याचं यंत्र कुठून तरी जुनं आणलं. साखळ्या जोडलेलं एन्झाइम त्या गरम हवेतही मरत नव्हतं. पांढरी, अतिशय हलकी पावडर निघायची. चमचाभर घेतली तर अर्धी चमच्यावरून उडून जायची. ती चाळायला आणि पिशव्यांत भरायला शेडच्या मागच्या बाजूला एक खोली केली. तिला सगळे चाळणीघर म्हणायला लागले.

खोली सुरू करण्याआधी एक बैठक झाली. टाक्यांवर काम करणारा एक जुना फोरमन होता, त्यानं विचारलं, मॅडमजी, ही उडणार, पोरींच्या नाकातोंडात जाणार, त्याचं काय? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की एन्झाइम साखरेच्या साखळ्यांनी झाकलेलं आहे, शरीराला ते ओळखू येत नाही, उलट ॲलर्जीची भीती कमी होते. हे मी वाचलेलं होतं, पण ते सुईनं टोचायच्या औषधांबद्दल. रोज आठ तास श्वासाबरोबर आत जाणाऱ्या धुळीबद्दल नव्हतं. तो फरक मला त्या दिवशीही माहीत होता. मी तो बोलले नाही. माझं काम पुढे चाललं होतं आणि मला ते थांबायला नको होतं. साहेबांनी माझं वाक्य रजिस्टरात लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

चाळणीघराला बायका हव्या होत्या. आमच्या घराला भिंत लागून एक वहिनी राहायच्या. यजमान कचेरीत बाबू होते, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मागे त्या आणि त्यांची एक मुलगी. त्यांच्या सासऱ्यांचे वडील म्हणे संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. घरात त्यांची एक तलवार आणि एक फोटो उरला होता. वहिनी पंचेचाळिशीच्या, बारीक, चटपटीत. त्या घरी बसून खचत चालल्या होत्या. मीच साहेबांना सांगून त्यांना चाळणीघरात लावलं. त्यांनी मला घरी बोलावून श्रीखंड खाऊ घातलं आणि मुलीला सांगितलं की काकूला नमस्कार कर. मुलगी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती.

वहिनी बसमध्ये माझ्या शेजारी बसायच्या. धार ते पीथमपूर पाऊण तास, आणि त्या पाऊण तासात त्यांचं तोंड मिटायचं नाही. कुणाच्या मुंजीत काय झालं, मांडूला सहलीला गेलो तेव्हा यजमान कसे हरवले, आणि ते सगळं अर्धं मराठीत, अर्धं मालवीत. मधेच ड्रायव्हरला, भिया, जरा धीरे, असं ओरडून पुन्हा गोष्ट जिथे सोडली तिथून उचलायच्या. मागच्या सीटवरच्या पोरीही कान देऊन ऐकायच्या. चाळणीघरात सगळ्याजणी तोंडाला ओढणी बांधत. मास्क दिलेले होते, पण उकाड्यात ते कुणी घालत नसे आणि कुणी घाला असं म्हणतही नसे. मीही म्हटलं नाही.

चार-पाच महिन्यांनी वहिनींना खोकला लागला. कोरडा, न थांबणारा. बसमधल्या बायका सरकून बसल्या. करोना संपला होता पण भीती उरली होती. तपासणी केली, काही निघालं नाही. मग दिवाळीची चार दिवस सुट्टी झाली आणि खोकला आपोआप गेला. वहिनी म्हणाल्या, फराळानं बरं वाटलं. सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी, परतीच्या बसमध्ये, त्या कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगत होत्या आणि वाक्याच्या मधेच थांबल्या. त्यांनी खिडकीची काच उघडली आणि तोंड बाहेर काढून श्वास घेत राहिल्या. ती गोष्ट त्यांनी पुरी केली नाही.

मी त्यांना सांगितलं, खोकला कधी येतो, कधी जातो, एका वहीत लिहून ठेवा. डॉक्टरला दाखवायला उपयोग होईल. त्यांनी मुलीची शाळेची जुनी वही घेतली आणि तिच्या कोऱ्या पानांवर लिहायला लागल्या.

जानेवारीत एका संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. मी भाजी निवडत होते. त्या जिना चढूनच दमल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अगं, एक विचारू? ह्या पावडरीनं तर होत नसेल ना हे?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. पावडर झाकलेली असते आतून. तिनं काही होत नाही."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुला कळतं त्यातलं."

सुट्टीत बरं, कामावर वाईट. शनिवारी वाईट, सोमवारी सकाळी बरं. एवढा साधा हिशेब मला दिसत नव्हता असं नाही. मी तो मनात पुरा होऊ देत नव्हते. पावडर वाईट असेल तर माझी तीन वर्षं वाईट होती.

एप्रिलच्या मध्याला मी त्यांना इंदूरला एका छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, सुई किती वर जाते पाहिलं, आणि विचारलं की काम काय करता. वहिनी म्हणाल्या, पॅकिंग. कशाचं, असं डॉक्टरांनी विचारलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, धुण्याच्या पावडरीत घालतात ते. डॉक्टरांनी दमा लिहिला, तोंडात फवारायचा पंप दिला आणि धुळीपासून लांब राहा असं सांगितलं. वहिनींनी रजा टाकली. सहा आठवडे त्या घरी होत्या आणि हळूहळू त्यांचं बोलणं परत आलं. गच्चीवर पापड घालताना त्या मुलीशी मोठमोठ्यानं बोलत असायच्या, आणि भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

मे संपताना त्यांनी मला सांगितलं की पुन्हा जाते, घर माझ्या एकटीवर आहे. मी म्हटलं, दोन दिवस थांबा. त्यांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत खुंटीवर कामाची ओढणी तशीच लटकत होती, रजेच्या पहिल्या दिवसापासून न धुतलेली. सहा आठवडे, भर उन्हाळ्यात, तापल्या पत्र्याखाली. मी ती मागून घेतली. का, ते त्यांनी विचारलं नाही.

लॅबमध्ये आम्ही एन्झाइम जिवंत आहे का हे बघायला एक सोपी पद्धत वापरायचो. काचेच्या बशीत दूध घालून घट्ट केलेली जेली असते, पांढरी, अपारदर्शक. तिच्यावर एन्झाइमचा थेंब ठेवला की ते दुधातलं प्रोटीन खातं आणि तिथे काचेसारखं स्वच्छ गोल उमटतं. मी ओढणीचा नखाएवढा तुकडा कापला आणि बशीवर ठेवला. दुसऱ्या बशीवर घरच्या धुतलेल्या ओढणीचा तुकडा, तिसरीवर माझ्याच कोटाच्या बाहीचा. कोमट पेटीत बशा ठेवून मी घरी गेले.

सकाळी उघडलं. वहिनींच्या तुकड्याभोवती रुपयापेक्षा मोठं स्वच्छ गोल होतं. तुकडा मधोमध, आणि त्या गोलाच्या आरपार खालच्या टेबलाचं लाकूड दिसत होतं. घरच्या ओढणीभोवती काही नव्हतं. माझ्या कोटाभोवती एक बारीक कडं होतं.

मी स्टुलावर बसले. उन्हात टिकेल असं काहीतरी करा, असं मला सांगितलं होतं. मी केलं होतं. माणसाच्या छातीत ऊनही नसतं, तिथे ते किती दिवस टिकत असेल, हे मोजायची माझ्याकडे बशी नव्हती.

मी बशा घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी पाहिल्या, समजल्याही. ते मूर्ख नव्हते. बशा टेबलाच्या कडेला सरकवल्या. मग म्हणाले, "मॅडम, अपन प्रोटीन बनाते हैं, ज़हर नहीं. सब को थोड़ी हो रहा है." मी म्हटलं, चाळणीघर बंद करायला हवं, नाहीतर पावडरीचे दाणे करून त्यावर लेप द्यायला हवा म्हणजे ती उडणार नाही. ते म्हणाले की त्याला यंत्र लागेल, वेळ लागेल, वर विचारावं लागेल. तोवर तुमच्या त्या बाईंना लेबलं चिकटवायच्या कामावर घेतो. हे सगळं लिहून ठेवू नका, आधी मी वर बोलतो.

मी मान्य केलं. बाहेर आले तेव्हा मला काहीतरी मिळवल्यासारखं वाटत होतं, हे आज लिहिताना मला अवघड जातंय.

लेबलांचं टेबल चाळणीघराच्या भिंतीला लागूनच होतं. भिंत वरपर्यंत नव्हती. वर पत्रा आणि भिंत यांच्यात हातभर फट होती, हवा खेळावी म्हणून ठेवलेली. ती मी रोज पाहत होते.

वहिनींना मी एवढंच सांगितलं की धुळीचं काम नको म्हणून जागा बदलून घेतली आहे. बशीतलं गोल सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या आल्या नसत्या, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटत होतं की त्या उगाच घाबरतील.

पावसाळा कसाबसा गेला. दाण्यांचं यंत्र आलं नाही. विचारलं की साहेब म्हणायचे, चाललंय. मी विचारणं कमी केलं. वहिनी आता बसमध्ये ऐकायला लागल्या होत्या. दुसऱ्या कुणी गोष्ट सांगितली की मान हलवायच्या. दिवसातून दोनदा घ्यायचा पंप पाच-सहा वेळा घ्यायच्या. नोव्हेंबरमध्ये एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास लेबलवरची एक बाई धावत लॅबमध्ये आली. वहिनी टेबलाला दोन्ही हात टेकून उभ्या होत्या, खांदे वर, ओठ निळे. त्यांना बोलता येत नव्हतं. पंप संपलेला होता, तरी त्या दाबत होत्या. कंपनीची जीप निघाली, मी मागे त्यांना धरून बसले. वाटेत रेल्वेच्या कामासाठी रस्ता खणलेला होता, ट्रकांची रांग. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला नाही. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग पकड सुटली. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कागदावर दमा लिहिला गेला.

मुलगी तेव्हा परीक्षेला बसलेली होती. तिला वर्गातून माझ्या नवऱ्यानं आणलं.

तेराव्यानंतर आठवडाभरानं ती दुपारी माझ्याकडे आली. हातात ती शाळेची जुनी वही होती. तिचं सगळं शिक्षण हिंदीतून झालेलं. अक्षरं ओळखीची, पण आईचं घसटलेलं हस्ताक्षर आणि तिची जुन्या वळणाची मराठी तिला वाचता येत नव्हती. दोन ओळी वाचून अडकते, म्हणाली. तुम्ही वाचून दाखवाल का?

मी चष्मा घातला आणि वाचायला लागले. वहिनी थोडं थोडं लिहायच्या. सोमवार, सकाळी ठीक, दोन प्रहरी छाती दाटली. गुरुवार, खोकला फार, जेवण गेले नाही. रविवार, बरे वाटले, निवांत निजले. पान पान असंच. मुलगी भिंतीला टेकून खाली बसली होती आणि ऐकत होती. कुठे कुठे ती म्हणायची, हो, त्या दिवशी आम्ही बाजारात गेलो होतो.

मग जानेवारी आला. पुढची ओळ माझ्या डोळ्यांना आधी दिसली. मी ती गाळू शकत होते. तिला कळलं नसतं, आणि आमच्या घराबाहेर गल्लीत ते हस्ताक्षर वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. मी थांबले, तेव्हा तिनं मान वर करून विचारलं की अक्षर लागत नाहीये का.

मी वाचलं. "आज हिला विचारले, पावडरीने तर होत नाही ना. नाही म्हणाली. हिला कळते, तेव्हा काळजी नाही."

मी पुढे वाचत गेले, कारण थांबणं जास्त कठीण होतं. जूनमध्ये दुसरी ओळ होती. "लेबलात बदली झाली. हिनेच साहेबांना सांगून केली. पोर गुणाची आहे."

वही संपली तेव्हा ती उठली. म्हणाली, "ही म्हणजे तुम्ही ना, काकू?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

मी सांगितलं की पहिल्या वेळी शंका होती, दुसऱ्या वेळी माहीत होतं. बशीतलं गोल सांगितलं. भिंतीवरची फट सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं, वही माझ्या हातून घेतली आणि गेली. दारात चपला घालताना तिला पट्टा लागत नव्हता, म्हणून ती अनवाणीच गेली.

मला वाटलं ती पुन्हा येणार नाही. महिन्याभरानं आली, उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. कामगार खात्याकडे अर्ज करायचा होता. तुम्ही मला जे सांगितलं ते हिंदीत लिहून सही करून द्याल का, असं तिनं विचारलं. मी आत जाऊन तेव्हाच लिहायला बसले. नवरा म्हणाला, विचार कर. मी म्हटलं, तुम्ही विचार करत बसा, मी लिहिते. त्यानं चहा करून आणला आणि शेजारी बसून माझ्या हिंदीतल्या चुका काढत राहिला.

कागद गेल्यावर कंपनीनं मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असं सांगितलं. तपासणीला माणसं आली. सुनावणीत कंपनीच्या वकिलानं बैठकीचं रजिस्टर ठेवलं. त्यात माझं वाक्य होतं, माझी सही होती. या बाई स्वतःच म्हणाल्या होत्या की ॲलर्जी होत नाही, आता नोकरी गेल्यावर उलटं बोलतात, असं तो म्हणाला. नोकरी आधी गेली की कागद आधी, हे कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, तेव्हा मी खोटं बोलले होते. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. खोटं बोलले होते, हे वाक्य कोण किती धरणार, ते मलाही कळत होतं. वर्षभरानं पत्र आलं की मृत्यू आणि कामाचा संबंध सिद्ध होत नाही.

एवढं मात्र झालं की तपासणीनंतर चाळणीघर बंद पडलं. आता तिथे दाण्यांचं यंत्र आहे, पावडर उडत नाही. फोरमननं मला फोन करून सांगितलं. चाळणीघरातल्या आणखी दोघींना खोकला होता. काम सुटल्यावर एकीचा गेला, एकीचा अजून आहे. तिचं नाव मला तेव्हा माहीतही नव्हतं.

आम्ही नंतर देवासला आलो. वडील एकटे झाले होते, ते एक कारण. धारच्या त्या भिंतीपलीकडे दुसरे भाडेकरू आले होते आणि त्यांच्याकडे दिवसभर टीव्ही चालू असायचा, तेही एक. मी एका खाजगी कॉलेजात शिकवते. एन्झाइमचा धडा येतो, साखळ्यांचाही येतो, आणि पोरं परीक्षेपुरतं लिहून घेतात. मी आता ताकद आणि टिकाऊपणा शिकवताना धुळीबद्दल बोलते. ते अभ्यासक्रमात नाही. एकानं विचारलं, मॅडम, हे परीक्षेला येणार का? मी म्हटलं, नाही.

मुलगी गेल्या वर्षी देवासच्या बस स्टँडवर भेटली. बागलीला तिला शाळेत नोकरी लागली आहे. मीच तिला ओळखलं आणि पुढे गेले. जाऊ की नको, याचा विचार करायच्या आधीच गेले होते. ती उभी राहिली. जेवण कुठे करतेस, खोली कशी आहे, असलं मी विचारलं. तिनं उत्तरं दिली. मग ती म्हणाली, "तुम्ही वाचलंत म्हणून मला कळलं. नाहीतर मी तुम्हाला जन्मभर देवमाणूस समजले असते."

तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"पण वाचलंत म्हणून ते फिटलं, असं समजू नका काकू."

"नाही समजत," मी म्हटलं.

बागलीची बस लागली. गर्दी होती, तिनं आधी पिशवी खिडकीतून आत टाकून जागा धरली आणि मग दारातून चढली. बस निघेपर्यंत मी उभी होते. दहाला माझा तास होता, तिथून मी कॉलेजात गेले.